खुर्चीने धरलेली जागा

लेकीची जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि बाबा त्या दिवशीच्या तिसऱ्या घरात डोळे मिटून बसले होते.

बसले होते ते स्वतःच्या खुर्चीत. भाड्याचे घर बघायला जाताना लोक फार तर मोजपट्टी नेतात. बाबा घडीची खुर्ची न्यायचे. लोखंडी नळ्यांची, हिरव्या पट्ट्यांची, उघडताना कुत्र्याच्या पिलासारखी केकाटणारी. ती खोलीच्या मधोमध मांडायची, तिच्यात बसायचे आणि डोळे मिटून गप्प राहायचे. एजंट चुळबुळ करायचा, घरमालक खाकरायचा, लेक घड्याळ बघायची. बाबांची पापणी हलायची नाही.

“नोकरीभर उभा होतो,” ते सांगायचे. बाबा बसचे कंडक्टर होते. “लोक घर उभ्याने बघतात आणि नंतर त्यात बसायला जातात. तिथंच फसतात.”

ते राहत होते ती जागा मालकाला मुलासाठी हवी होती. महिनाअखेरीस सोडायची होती. गावाबाहेर कारखाना आल्यापासून भाडी अशी चढली होती की जिथे पूर्वी कोळशाची पोती ठेवत, तिथे आता माणसे राहायला तयार होती आणि त्यांना ती ‘कोपऱ्यावरची स्वतंत्र खोली’ म्हणून दाखवली जात होती. दाखवणारा म्हणजे किल्लीवाला. एजंटला गावात दुसरे नाव नव्हते. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा असे. त्यातल्या निम्म्या किल्ल्या कुठल्याच दाराच्या नव्हत्या, पण गिऱ्हाइकाला धीर यायचा.

त्या दिवशीच्या पहिल्या घरात न्हाणीघर स्वयंपाकघरातच होते, पडद्यामागे. “अंघोळ करता करता दुधावर लक्ष राहतं,” किल्लीवाला म्हणाला. बाबांनी बसून पाहिले आणि निकाल दिला, “ही चाकावरची सीट आहे. प्रत्येक खड्डा आपल्यालाच लागणार.” दुसऱ्या घराचे भाडे ऐकून त्यांनी खुर्ची उघडलीच नाही.

तिसरी जागा मावशींची. मावशी कुणाच्या मावशी होत्या कोण जाणे, पण सगळे त्यांना मावशीच म्हणत. दुमजली घर. खाली पुढच्या भागात त्या स्वतः, खाली मागे एक भाडेकरू, आणि वरची जागा रिकामी. भाडे कारखान्यापूर्वीचे होते. “वाढवलं की भाडेकरूंना तक्रारी सुचतात,” मावशींचे म्हणणे. “स्वस्तात माणूस गप्प राहतो.” अट एकच होती. एकट्या माणसाला त्या जागा देत नसत.

“मागच्या वेळी एक गृहस्थ होते वर. एकटे,” जिना चढून आल्याचा दम खात मावशी म्हणाल्या. “तापानं पडले. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. शेवटी दार तोडलं. वाचले बिचारे, पण दार गेलं. आता एकटं माणूस नकोच. आत पडलं तर कळायचं कसं?”

“आम्ही दोघं आहोत,” डोळे न उघडता बाबा म्हणाले.

तेवढ्यात खालच्या अंगणातून आरोळी आली, “क्लच! अहो बाई, क्लच! तो हॉर्न आहे!”

“हे आमचे सर,” मावशी म्हणाल्या. “खालचे भाडेकरू. मोटार शिकवतात. दिवसा शिकवतात ते शिकवतात, झोपेतही शिकवतात. माझी त्यांची भिंत एक. पहाटे ‘ब्रेक दाबा’ म्हणून ओरडतात आणि मी पलंगावर पाय दाबते. वर राहायला जा म्हटलं, तर म्हणतात गाडी डोळ्यांसमोर पाहिजे.”

“बाबा, उठा. उशीर होतोय,” लेक म्हणाली.

हे वाक्य ती त्यांना रोज म्हणायची. सकाळी चहाच्या वेळी, दवाखान्यात जाताना, बाजारातून परतताना. बाबांना ते इतके सवयीचे झाले होते की ते त्याला हरकत म्हणून ऐकतच नसत. भिंतीवरचे घड्याळ टोल देते, तशी लेक ‘उठा’ म्हणते.

बाबांनी डोळे उघडले. “खिडकीची जागा आहे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून घराला याहून मोठी पावती नव्हती. “तूपण बस ना जरा. बसून बघ कसं वाटतं.”

“कुठे बसू? खुर्ची एकच आहे.”

“मी उठतो की.”

“उठाच. मी तेच म्हणतेय केव्हाची.”

ते उठले. ती मात्र बसली नाही. तिने सरळ जिन्याची वाट धरली. दोन पायऱ्या उतरल्यावर तिच्या लक्षात आले की बाबांचे हात रिकामे आहेत.

“बाबा, खुर्ची.”

“राहू दे. रुमाल टाकला.”

गाडी स्टँडला लागायच्या आत लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात आणि मग आत येऊन म्हणतात, ही जागा धरलीय. सारी नोकरी बाबांनी या रुमालवाल्यांशी भांडण्यात काढली होती. आज त्यांनी स्वतः रुमाल टाकला होता आणि चोरून आंबट खाल्लेल्या पोरासारखे त्यांचे तोंड झाले होते.

मावशींना हे फारच आवडले. “खुर्ची आहे तोवर जागा तुमची,” त्या म्हणाल्या. “पण नको असेल तर स्वतः येऊन उचलायची. मागाहून निरोप पाठवलेला मला चालायचा नाही.”

“कबूल,” बाबा म्हणाले. “ज्याने टाकला त्याने उचलायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मावशींना होकार सांगायला निघाले होते. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी एक बूट घातला. दुसरा हातात होता. आतून तिने हाक मारली, “बाबा, उठा, उशीर होतोय,” आणि त्या दिवशी घड्याळाने टोल दिला तरी कुणी हलले नाही.

*

लेक पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. पुस्तके वाचायची तिला भारी आवड, कपाटभर होती, पण त्या खिडकीत बसून एक वेगळीच भाषा तिच्या जिभेला चिकटली होती. साहेबांचा नियम होता की लोकांना ‘नाही’ म्हणायचे नाही. ‘पाणी येणार नाही’ असे सांगितले की माणूस आवाज चढवतो. ‘अजून आलेलं नाही’ म्हटले की तो घरी जातो. ‘येईल’, ‘बघू’, ‘जरा वेळ लागेल’, ‘वरून सुटलंय’. एवढ्या चार वाक्यांवर तिची सारी नोकरी चालली होती.

बाबांची बातमी तिला कुणाला सांगावी लागली नव्हती. नातेवाइकांना शेजारच्या काकांनी फोन केले. कार्यालयात शिपायाने सांगितले. जे भेटायला आले ते सगळे माहीत असलेलेच आले. त्यामुळे ते दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडले नव्हते आणि हे तिच्याही लक्षात आले नव्हते.

घर मात्र शोधायलाच हवे होते. महिनाअखेर काही कुणासाठी थांबत नाही. किल्लीवाला अंत्यविधीला आला होता, खूप रडला होता आणि पुढच्याच आठवड्यात जुडगा वाजवत पुन्हा हजर झाला होता. आता तो तिला एकटीला घरे दाखवू लागला.

“बरोबर कोण असतं?” पहिल्या घरमालकाने विचारले.

“कोणी नाही.”

“मग दोन खोल्यांचं काय करणार?”

दुसऱ्याने भाडे असे सांगितले की किल्लीवाल्याने स्वतःच दार ओढून घेतले. तिसऱ्याने जी खोली दाखवली तिच्या एका भिंतीवर अख्ख्या इमारतीचे विजेचे मीटर होते. एकसारखी चाके फिरत होती. “मीटरवाला दर महिन्याला येतो,” मालक समजुतीच्या सुरात म्हणाला. “तेवढीच सोबत.”

इकडे जुन्या मालकाने ती राहत असतानाच रंगारी लावला. तिच्या पेल्यात चुन्याचे पोपडे पडू लागले. बाबांच्या पलंगामागे, ते टेकून बसायचे तिथे भिंतीवर डोक्याचा तेलकट गोल उमटला होता. रंगाऱ्याने खरवडणी उचलून विचारले, “ताई, हा डाग काढू ना?”

“बघू,” ती म्हणाली.

रंगारी दोन दिवस त्या डागाला वळसा घालून भिंत खरवडत राहिला.

“एक काम करा,” अखेर किल्लीवाला म्हणाला. “मावशींकडे ती खुर्ची अजून आहे. ती उचलून आणा. ती असेतो मला ती जागा कुणाला दाखवता येत नाही. मावशी एकटीला देणार नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. निदान माझा धंदा तरी होऊ दे.”

म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत गेली. फक्त खुर्ची आणायला.

मावशी दारातच बसल्या होत्या. तिला बघताच त्यांनी तिच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. “बाबा कुठेत?”

तिने तोंड उघडले. ते दोन शब्द निघाले नाहीत. मग जिभेने, सवयीने, खिडकीवरचे वाक्य पुढे केले.

“अजून आलेले नाहीत.”

तिचे तिलाच आश्चर्य वाटले. पण वाक्य निघून गेले होते.

“मी म्हटलंच,” मावशी म्हणाल्या. “किती जण येऊन गेले. सगळ्यांना खुर्ची दाखवली, परत पाठवलं. तब्येत बरी नाही वाटतं?”

“नाही.”

“जिना चढवत नसेल.”

“नाही चढवत.”

“जेवतात का?”

ती जमिनीकडे बघत राहिली. “नाही.”

“अगं बाई! आणि बोलतात?”

“आता नाही बोलत.”

मावशींनी हात गालाला लावला. त्यांनी वाकून तिच्या तोंडाकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. केली असती तर पुढचे सगळे टळले असते. खोटे असे तिने काहीच सांगितले नव्हते, आणि खरे सांगायला तोंड दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणावे लागले असते.

“मी खुर्ची न्यायला आले होते,” ती म्हणाली.

“खुर्चीला हात लावायचा नाही,” मावशी कडाडल्या. “ज्याने टाकला त्याने उचलायचा, असं ठरलंय. त्यांना जिना चढवत नाही ना? मग बघते मी. कधी येतील?”

“जरा वेळ लागेल,” लेक म्हणाली.

*

मावशींनी जे बघितले ते असे, की दुसऱ्याच दिवशी त्या सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारा आजारी आहे, त्याला जिना झेपत नाही, तुम्ही वर जा. जे सर गाडी सोडून हलायला तयार नव्हते, ते क्षणभर छताकडे बघून “माणुसकी म्हणून जातो” म्हणाले आणि संध्याकाळच्या आत त्यांचा पलंग वर चढला. मदतीला त्यांनी दोन शिकाऊ बायका घेतल्या. त्यांना त्या दिवशीचा गाडीचा तास म्हणून पलंग मागे कसा घ्यायचा ते शिकवले.

हे लेकीला कळले ते कार्यालयाच्या खिडकीत. रांगेत बादली घेऊन उभी असलेली माणसे बाजूला सारत सर जाळीपाशी आले.

“ताई, बाबांच्या खाटेची लांबी किती?”

“कसली?”

“खाटेची. मागचं दार अरुंद आहे. आत घेताना वळण बसलं पाहिजे. डावीकडून घ्यायची की उजवीकडून, तेवढं सांगा.”

“सर, ऐका. बाबा...” ती म्हणाली. रांगेतली सगळी माणसे ऐकू लागली. तक्रार सोडून दुसरे काही ऐकायला मिळाले की रांगेला बरे वाटते.

“बोला ना. बाबा काय?”

“बाबा... उंच होते.”

“मग उजवीकडून,” सर म्हणाले आणि निघून गेले. रांगेतल्या पहिल्या माणसाने पाणी कधी येईल म्हणून विचारले. तिने आयुष्यात पहिल्यांदा “मला माहीत नाही” असे सांगितले. तो इतका गांगरला की आभार मानून गेला.

त्या आठवड्यात मावशींनी गवंडी बोलावला आणि खालच्या न्हाणीघरात हाताला धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला. उंबरा तासला. गवंडी ओळखीचा निघाला, नळाच्या जोडणीसाठी तिच्या खिडकीवर खेटे घालणाऱ्यांपैकी. तो मुद्दाम येऊन सांगून गेला, “दांडा असा बसवलाय, बैल बांधा.” म्हणजे आता एका मेलेल्या माणसासाठी एक भाडेकरू हलला होता, एक उंबरा कमी झाला होता आणि बैल बांधण्याइतका दांडा भिंतीत गेला होता. तिने ‘नाही’ म्हटले नाही, एवढ्याच कारणाने.

रोज घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहायची. एवढे दोन शब्द. लहान मुलालाही येतात. “बाबा,” ती म्हणायची आणि आरशातली बाई ओठ मिटून घ्यायची. शेजारच्या खोलीतून रंगाऱ्याचा आवाज यायचा, “मला हाक मारली का, ताई?” पुस्तकांच्या कपाटात या प्रसंगासाठी शेकडो पाने होती. त्यातले एकही वाक्य मावशींच्या दारात उभे राहून म्हणण्यासारखे नव्हते.

तिने ठरवले की चिठ्ठी पाठवू. मग आठवले, मागाहून निरोप चालायचा नाही. किल्लीवाल्याला सांगायला लावू? त्याने कानांवर हात ठेवले. “माझ्या तोंडून नको हो. सांगितलं की मावशी जागा काढून घेणार, आणि तुम्ही राहणार कुठे? मीटरच्या खोलीत?”

हे त्याचे खरे होते. महिनाअखेरीला दुसरी जागाच नव्हती. तिला एकाच वेळी दोन गोष्टींची भीती होती. बोलले तर घर जाणार. आणि बोलले तर... पण ती दुसरी भीती तिने नीट बघितली नाही. तिला वळसा घातला, रंगाऱ्यासारखा.

*

सामान आदल्या दिवशी टेम्पोने गेले. राहिली होती ती, एक पाण्याची कळशी आणि बाबांची चामड्याची कंडक्टरची पिशवी. निघायच्या आधी ती भिंतीपाशी गेली. रंगारी बादलीत कुंचला बुडवून थांबला होता.

“काढा,” ती म्हणाली.

“नक्की ना, ताई?”

“काढा.”

बाहेर हॉर्न वाजला. सर स्वतःची गाडी घेऊन आले होते, छतावरची शिकाऊ पाटी उतरवून. मावशींचा हुकूम होता की बाबांना रिक्षाने आणायचे नाही, हाडे खिळखिळी होतात.

“पुढे कोण बसणार?” सरांनी विचारले.

ती घाबरी झाली. हातातली चामड्याची पिशवी तिने पुढच्या सीटवर ठेवली आणि स्वतः कळशी घेऊन मागे बसली. सरांनी पिशवीकडे पाहिले. मग तिच्याकडे. “बरं,” ते म्हणाले आणि पिशवी कलंडू नये म्हणून तिला पट्टा लावला.

एरवी हा माणूस रस्त्यावर असला की गाव बाजूला व्हायचे. आज त्याने गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे जाऊ लागले. खड्डा दिसला की आधीच हळू करायचा, कडेने घ्यायचा. गतिरोधकावरून तर गाडी अशी अलगद उतरवली की कळशीतले पाणी डचमळले नाही. एकदा तो तोंडातल्या तोंडात म्हणालाही, “सावकाश हं.” कुणाला म्हणाला ते तिने विचारले नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि वाक्य जुळवत होती.

मावशींच्या दारात सगळे जमले होते. मावशी, किल्लीवाला, आणि दांडा कसा वापरायचा ते दाखवायला आलेला गवंडी. सरांनी उतरून पुढचे दार उघडले, पट्टा सोडला आणि पिशवी दोन्ही हातांत घेऊन ते बाजूला उभे राहिले. तिला वाटले, आता विचारतील. आता नक्की विचारतील.

मावशींनी विचारले. “आले का बाबा?”

“अजून...” जीभ म्हणाली.

तिने कळशी खाली ठेवली. हात रिकामे झाल्यावर त्यांचे काय करावे ते तिला कळेना.

“मावशी,” ती म्हणाली, “बाबा गेले.”

बस्स. तेवढेच. आभाळ कोसळले नाही. रस्त्याच्या पलीकडे एक बाई पायपुसणे झटकत होती, ती झटकत राहिली. मग लेक तासलेल्या उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडली. अंत्यविधीला जमले नव्हते तसे, नाक, पदर, कशाचेही भान न ठेवता.

मावशी गुडघे सांभाळत, भिंत धरत तिच्याशेजारी टेकल्या. “हो गं,” त्या म्हणाल्या. “माहितीये.”

तिने मान वर केली.

“हा किल्लीवाला दुसऱ्याच दिवशी रडत आला होता. त्यांच्यासाठी की दलालीसाठी ते त्याचं त्यालाच ठाऊक.”

“दोन्हींसाठी,” किल्लीवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग... तुम्ही मला विचारलंत, जेवतात का म्हणून...”

“तू म्हणालीस ‘अजून आलेले नाहीत’. मला वाटलं, पोरीला बोलवत नाही, एकेक विचारत गेलं तर बोलेल. तू काही बोलेनास. मग मी कोण बोलणारी? ते तुझंच बोलणं होतं. यालाही म्हटलं, तोंडाला कुलूप लाव.” मावशींनी तिचे नाक स्वतःच्या पदराने पुसले, लहान मुलाचे पुसावे तसे, जोरात. “आणि हे बघ, तुमच्या खात्याची उत्तरं मला पाठ आहेत. इतकी वर्षं या गावात पाणी भरतेय. तुम्ही ‘येईल’ म्हणालात की आम्ही समजतो, टँकर बोलवा.”

“पण एकट्या माणसाला तुम्ही...”

“वर देत नाही. वर पडलीस तर मला ऐकू येणार नाही. सरांची आरोळी कुठूनही ऐकू येते. इथे भिंतीपलीकडे मी आहे. चमचा पडला तरी कळतं. सरांना हलवल्याशिवाय तुला इथे आणणार कशी? आणि सर माझ्या शब्दावर हलणारे नाहीत. म्हाताऱ्या माणसासाठी हलले.”

सरांनी घसा साफ केला. “मावशी, मलापण माहीत होतं.”

आता मावशींची मान वळली. “काय माहीत होतं?”

“बाबा गेल्याचं. माझी एक शिकाऊ बाई यांच्या जुन्या आळीतच राहते.”

“मग वर का गेलात?”

“माणुसकी,” सर म्हणाले आणि पिशवी घेऊन घाईघाईने आत गेले. उरलेले त्यांनी लेकीला नंतर, कळशी ठेवायला आत आल्यावर, हळू आवाजात सांगितले. “ताई, तुम्ही आता इथं राहणार म्हणून सांगतो. मावशी घोरतात. दुपारीसुद्धा. ट्रक चढाला लागावा तसं. मला वाटायचं गाडी बंद पडणार, म्हणून मी झोपेतच ओरडायचो. त्यांच्या तक्रारीवरून वर गेलो असतो, तर दोष माझाच ठरला असता.”

“आणि दांडा?” तिने विचारले.

“तो दुहेरी आहे,” गवंडी दारातून म्हणाला. “मावशींनी स्वतःच्याही न्हाणीघरात एक बसवून घेतला. पैसे एकाचेच दिले.”

*

दुपारी सगळे पांगले. सर वर गेले. मावशी “जरा पडते” म्हणून आपल्या खोलीत गेल्या.

जागा लहान होती. पुस्तकांची खोकी भिंतीला लावल्यावर चालायला वाट उरली ती एका माणसापुरती. खिडकी अंगणात उघडत होती. खिडकीशी कुणीतरी बाबांची खुर्ची वरून आणून, उघडून ठेवली होती. ज्याने टाकला त्यानेच उचलायचा, हा नियम कुणी मोडला ते तिने विचारले नाही. हिरवे पट्टे मधोमध थोडे खाली आले होते, बसून बसून.

भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. आधी बारीक घरघर, मग खरोखरच ट्रक चढाला लागला. मधेच तो थांबे, तिचाही श्वास थांबे, आणि मग गियर पडल्यासारखा पुन्हा सुरू होई. पलीकडे कुणीतरी होते, आणि ते कुणीतरी झोपेतही भिंतीला कान लावून होते, निदान तसे म्हणत तरी होते.

तिने सवयीने घड्याळाकडे पाहिले. अर्ध्याच दिवसाची रजा टाकली होती, आता निघायला हवे होते. बाहेर उन्हे अंगणात उतरली होती आणि खिडकीतून खुर्चीच्या हातावर आली होती. ती दाराशी गेली, चपलांत पाय घातले, वळली आणि परत आली. खुर्चीसमोर जमिनीवर, एका खोक्याला पाठ टेकून, बसली. बसल्यावर खिडकीतून एका झाडाचा शेंडा दिसत होता, जो उभ्याने दिसला नसता.

खोलीत बाकी कोणी नव्हते, म्हणून तिला आवाज चढवावा लागला नाही. पण ती मनातल्या मनात बोलली नाही, मोठ्याने बोलली. जुन्या घरातल्या इतक्या सकाळी आणि दुपारी एकदाही न बोललेले.

“बसा, बाबा,” ती म्हणाली. “काही घाई नाही.”